नाकातील पॉलिप: औषधे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे तीन महिने

“नाकात मांस वाढले आहे” हे वाक्य आपल्याकडे किमान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते आणि उपचारातला गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असला तर लोक “हाड वाढले” म्हणतात, नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील टर्बिनेट नावाच्या गुलाबी वळ्या ॲलर्जीने सुजल्या तर “मांस वाढले” म्हणतात, आणि खरोखरीचे पॉलिप झाले तरी शब्द तोच असतो. या लेखात फक्त तिसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. मी डॉक्टर नाही. परंतु माझ्या नाकातून दोन वेळा पॉलिप काढले गेले आहेत, आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर माझे काय चुकले व दुसरीनंतर काय जमले, हे पुढच्या रुग्णाला आधीच ठाऊक असावे एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

गाल, कपाळ आणि डोळ्यांच्या मधल्या भागातील हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात; त्यांना आपण सायनस म्हणतो. या पोकळ्यांचे ओलसर अस्तर महिनोन्‌महिने सुजलेले राहिले, की त्यात पाणी साठते आणि ते लोंबू लागते. असे लोंबते गोळे म्हणजे पॉलिप. त्यांतील बहुतेक दोन डोळ्यांच्या मधल्या, मधाच्या पोळ्यासारखी घरे असलेल्या एथमॉइड सायनसांतून उतरतात. साल काढलेल्या द्राक्षासारखे ते फिकट आणि अर्धपारदर्शक दिसतात आणि त्यांना स्पर्श केला तरी वेदना होत नाही. सुजलेले टर्बिनेट मात्र हात लावताच दुखते. हा कर्करोग नव्हे. मात्र शस्त्रक्रियेत निघतो तो पॉलिप, आणि त्याला जन्म देणारे अस्तर जागच्या जागी राहते, ही गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्यावी, कारण पुढचा सगळा उपचार तिच्यावर उभा आहे.

शंका केव्हा घ्यावी

साधे पडसे आठ-दहा दिवसांत उतरते. नाक चोंदणे, घट्ट किंवा पाण्यासारखा स्राव, घशामागे सतत काही उतरत असल्याची भावना, चेहऱ्यावर जडपणा आणि वास कमी येणे यांतील तक्रारी १२ आठवड्यांहून अधिक टिकल्या, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. वास जाणे हे पॉलिपचे विशेष लक्षण आहे आणि ते इतक्या सावकाश घडते, की बऱ्याचदा घरच्यांच्याच आधी लक्षात येते. दूध ओट्यावर करपून गेले आणि शेजारी उभ्या असलेल्या मला पत्ता लागला नाही, तेव्हा माझ्या बाबतीत पहिला संशय आला. आवाज गेंगाणा होणे, रात्री तोंड उघडे ठेवून झोपणे आणि घोरणे वाढणे हीदेखील याच वाटेवरची चिन्हे आहेत.

काही चिन्हे मात्र वेगळ्या रांगेत बसतात. सर्वसाधारण पॉलिप दोन्ही नाकपुड्यांत असतात. एकाच बाजूचे नाक बंद असेल, त्याच बाजूने वारंवार रक्त येत असेल किंवा गालाला बधिरता वाटत असेल, तर ते “मांस” म्हणून दुर्लक्षित करू नये. गालाच्या सायनसमधून उगवून घशाच्या दिशेने जाणारा एकटा पॉलिप, पुन्हापुन्हा उगवणारी पॅपिलोमाची गाठ, बुरशीचा संसर्ग आणि क्वचित कर्करोग अशा गोष्टी एकाच बाजूला दिसतात, आणि त्यांचा निवाडा स्कॅन व तुकड्याच्या तपासणीवाचून होत नाही. लहान मुलाच्या नाकात असे काही दिसले, तर स्कॅन झाल्याशिवाय कोणालाही तुकडा काढू देऊ नये, कारण मेंदूचे आवरण नाकात उतरल्याची जन्मजात विकृतीदेखील बाहेरून पॉलिपसारखीच दिसते. मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याची एक बाजू अचानक दुखू-सुजू लागली किंवा नाकात काळसर भाग दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात जे पाहायला लावले, ते विसरण्याजोगे नाही.

तपासणीत काय घडते

नाकात बधिर करणारा फवारा मारून डॉक्टर बारीक दुर्बीण आत घालतात. पाच मिनिटांचे काम असते आणि दुखत नाही, डोळ्यांतून पाणी मात्र येते. या तपासणीत पॉलिप कोणत्या पातळीपर्यंत उतरले आहेत हे कळते व प्रत्येक बाजूला ० ते ४ असे गुण देण्याची पद्धत आहे. आपले गुण विचारून वहीत लिहून ठेवावेत, कारण सहा महिन्यांनी “बरे वाटते आहे का” या प्रश्नाला तेवढेच ठोस उत्तर हाती असते. सायनसचा सीटी स्कॅन शक्यतो औषधांचा पहिला टप्पा झाल्यानंतर काढतात. शस्त्रक्रिया करायची असेल तर तो अनिवार्य आहे. डोळा आणि नाक यांच्यामधले हाड कागदाइतके पातळ असते आणि प्रत्येकाची रचना निराळी असते, म्हणून तो शल्यचिकित्सकाचा नकाशा ठरतो.

या भेटीत दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात. पहिली, दमा. पॉलिप आणि दमा यांची सोबत इतकी नेहमीची आहे, की एकाचा उपचार दुसऱ्याकडे न पाहता करणे चुकीचे ठरते. दुसरी, अंगदुखीच्या किंवा डोकेदुखीच्या गोळीनंतर कधी दम लागला होता का, नाक एकाएकी बंद झाले होते का. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या औषधांनी काही रुग्णांत तीव्र झटका येतो. पॉलिप, दमा आणि ही संवेदनशीलता अशा त्रयीला सॅम्टर यांचे नाव दिले गेले आहे. या रुग्णांचे पॉलिप हट्टी असतात आणि लवकर परततात. त्यांना साध्या मात्रेतील पॅरासिटामॉल बहुधा चालते, परंतु तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांच्या पाकिटावरील घटक वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नये.

औषधे: सुरुवात इथूनच

पॉलिप दिसताच शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची घाई बहुतेक वेळा अनावश्यक असते. उपचाराचा पाया दोन साध्या गोष्टींचा आहे: मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टेरॉइडचा स्प्रे.

जलनेती आपल्याकडे परकी नाही, परंतु रुग्णाने करायचे नाक धुणे थोडे अधिक काटेकोर असते. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ दिलेले किंवा निर्जंतुक, डिस्टिल्ड असावे. नळाचे किंवा घरच्या फिल्टरचे पाणी पिण्यास योग्य असले तरी नाकात घालण्यास योग्य ठरत नाही. पाण्यातील नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि हा आजार दुर्मीळ असला तरी बहुतेक वेळा जीवघेणा असतो. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या तयार पुड्या सर्वांत सोयीच्या. घरी करायचे झाल्यास २४० मिलिलिटर पाण्यात ५ मिलिलिटरच्या चमच्याने सपाट अर्ध्याहून किंचित कमी, आयोडीन नसलेले बारीक मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. वॉश बेसिनवर पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून, बाटली हलकेच दाबत एका नाकपुडीतून पाणी सोडावे. ते दुसरीतून किंवा तोंडातून बाहेर येते. जळजळ झाली तर मिठाचे प्रमाण चुकले असे समजावे, कारण साधे पाणी आणि फार खारे पाणी ही दोन्ही झोंबतात. बाटली रोज धुऊन उलटी वाळत ठेवावी.

नाक धुतल्यानंतर काही मिनिटांनी स्प्रे घ्यावा. मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड ही नेहमीची नावे. निम्म्या लोकांचा स्प्रे घशात उतरतो, असे मला माझ्या आजूबाजूला पाहून वाटते, कारण तो कसा घ्यावा हे कोणी दाखवलेलेच नसते. मान किंचित खाली झुकवावी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डावीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे नळीचे तोंड आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, त्या बाजूच्या कानाकडे वळते. पडद्यावर रोज फवारा पडला तर तिथे खपल्या धरतात आणि रक्त येते. फवारताना जोरात ओढू नये, हलका श्वास पुरेसा असतो. गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम दोन-तीन महिन्यांनी कळतो. “स्टेरॉइड” शब्दाने घाबरून तो आठ दिवसांत बंद करणारे खूप आहेत; परंतु नाकातील स्प्रेतून रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असते. गोळ्यांची भीती स्प्रेवर काढू नये.

गोळ्यांची भीती मात्र रास्त आहे. प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्यांचा एक-दोन आठवड्यांचा कोर्स पॉलिप झपाट्याने आकसवतो, हरवलेला वास परत आणतो आणि रुग्णाला चमत्कार झाल्यासारखे वाटते. पुढच्या काही महिन्यांत तो परिणाम ओसरतो. मग रुग्ण जुनी चिठ्ठी घेऊन परस्पर औषधाच्या दुकानात जातो, आणि घोटाळा इथेच होतो. युरोपातील तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे कोर्स वर्षातून एक किंवा दोनपुरते मर्यादित ठेवायचे असतात. रक्तातील साखर, रक्तदाब, झोप, काचबिंदू आणि हाडांची ठिसूळता हे त्यामागचे हिशेब आहेत. मधुमेह असेल तर कोर्सच्या दिवसांत साखर घरी मोजण्याची सोय आधी करून ठेवावी.

चोंदलेले नाक दोन मिनिटांत मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यांचा अंमल उतरला की नाक अधिकच सुजते आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो. पॉलिपवर त्यांचा काहीच उपचारात्मक परिणाम नसतो. ॲलर्जीच्या गोळ्या फक्त ॲलर्जी असेल तरच उपयोगी. आणि ॲसिडसारखे काही लावून “मांस जाळून देतो” म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

शस्त्रक्रिया कधी

पॉलिपने नाक भरून गेले आहे, नीट पद्धतीने दोन-तीन महिने स्प्रे व पाणी करूनही श्वास आणि झोप सुधारत नाही, दमा आवरत नाही किंवा गोळ्यांचे कोर्स वारंवार लागत आहेत, अशा स्थितीत शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. सायनसमध्ये ॲलर्जीजन्य बुरशीचा चिकट, पीनट बटरसारखा घट्ट साठा असेल, तर ती बहुधा टाळता येत नाही, आणि हा प्रकार भारताच्या उष्ण-दमट हवेत चांगलाच आढळतो.

पूर्वी तारेच्या फासाने पॉलिप ओढून काढत असत आणि ते लगेच परतत. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून सायनसच्या निचऱ्याच्या वाटांचा अभ्यास केला, आणि १९८५ च्या सुमारास केनेडी यांनी अमेरिकेत या शस्त्रक्रियेला “फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी” हे आज रूढ असलेले नाव दिले. त्याची आद्याक्षरे जोडून डॉक्टर तिला “फेस” म्हणतात. बाहेरून कुठेही कापत नाहीत. पूर्ण भूल देऊन, नाकपुड्यांतूनच दुर्बीण आणि मायक्रोडिब्रायडर नावाचे, एकाच वेळी कापणारे व शोषणारे हत्यार आत नेऊन पॉलिप काढतात आणि सायनसची तोंडे रुंद करतात. आजाराच्या पसाऱ्यानुसार साधारण एक ते तीन तास लागतात. तोंडे रुंद करण्यात सगळी मेख आहे: त्यामुळे नंतरचे पाणी आणि औषध प्रथमच रोगट अस्तरापर्यंत पोहोचू शकते. शस्त्रक्रिया ही औषधासाठी केलेली वाट आहे, हे मला पहिल्या वेळी कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असल्यास मी ऐकले नव्हते. नाक मोकळे झाल्याच्या आनंदात मी चार महिन्यांत स्प्रे सोडला आणि तीन वर्षांत पुन्हा त्याच खुर्चीत बसलो.

धोके मोजके आहेत, पण विचारून घ्यावेत. रक्तस्राव, नाकाच्या आत चिकटण होणे (म्हणजे समोरासमोरचे भाग एकमेकांना चिकटून भरून येणे), डोळ्याला इजा आणि मेंदूभोवतीचे पाणी नाकातून झिरपणे हे ते धोके. शेवटचे दोन गंभीर असले तरी फार क्वचित होतात. वास परत येईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि देत असेल तर सावध व्हावे.

तयारी

आधीच्या आठवड्यात ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे अन्य औषध चालू असेल तर ते केव्हा थांबवायचे हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांना विचारूनच ठरवावे. स्टेंट बसवलेल्या व्यक्तीने ते स्वतःहून बंद करणे शस्त्रक्रियेपेक्षा धोक्याचे आहे. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल आणि काढे यांचीही माहिती द्यावी, कारण “ते काही औषध नाही” असे समजून लोक ती लपवतात. दम्याचा पंप शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत चालू ठेवायचा असतो आणि रुग्णालयात सोबत न्यायचा असतो. विडी-सिगारेट सोडावीच, आणि तपकीर ओढण्याची किंवा मिश्री लावण्याची सवय असेल तर तीही सांगावी. तपकीर तर थेट त्याच अस्तरावर जाऊन बसते.

पैशाची बाजू आधी उलगडावी. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत सायनस आणि नाकाच्या शस्त्रक्रियांना साधारण दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो, तेव्हा नवी पॉलिसी असेल तर ते कलम स्वतः वाचावे. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात मायक्रोडिब्रायडरचे पाते, नाकात भरायचे साहित्य आणि काढलेल्या मांसाची प्रयोगशाळेतील तपासणी धरली आहे का, हे लेखी विचारावे. ही तपासणी खर्च वाचवण्यासाठी कधीही गाळू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घ्यायचे असतील तर संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड घेऊन आधी चौकशी करावी.

घरी दोन जास्तीच्या उशा, उकळलेले पाणी साठवायची स्वच्छ बाटली, नाक धुण्याच्या पुड्या, गॉज आणि पॅरासिटामॉल आणून ठेवावे. शस्त्रक्रियेआधी सहा तास घन अन्न बंद असते. पाण्याबाबत भूलतज्ज्ञ सांगतील तसे करावे. आदल्या दोन-चार दिवसांत ताप किंवा छातीत कफ झाला तर फोन करून कळवावे. तारीख पुढे गेली तरी बिघडत नाही.

पहिला आठवडा

शुद्ध आल्यावर नाक पूर्ण बंद असते, घसा ट्यूबमुळे खवखवतो आणि नाकाखाली गॉजची पट्टी मिशीसारखी बांधलेली असते. ती गुलाबी-लाल भिजत राहणे पहिल्या दिवशी अपेक्षित आहे. गिळलेल्या रक्ताने मळमळ होऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी शौच काळसर होते, त्याने घाबरू नये. काही शल्यचिकित्सक नाकात बोळा भरतात व तो २४ ते ४८ तासांत काढतात. काढतानाचे अर्धे मिनिट सुखाचे नसते, पण त्यानंतर जो पहिला श्वास येतो तो विसरता येत नाही. हल्ली विरघळणारे साहित्यही वापरतात, ते पुढे पाण्याबरोबर आपोआप निघते.

डोके साधारण ३० अंश वर राहील असे, दोन-तीन उशांवर, उताणे झोपावे. कुशीवर वळलात तर खालची नाकपुडी चोंदते, एवढेच. दुखणे अपेक्षेपेक्षा कमी असते. जडपणा आणि थकवा जास्त. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेलेच औषध घ्यावे.

या आठवड्याचा खरा नियम एकच आहे: डोक्यात रक्ताचा दाब वाढेल असे काही करू नये. नाक शिंकरायचे नाही. सुमारे दहा दिवस किंवा डॉक्टर सांगतील तोवर फक्त टिपायचे. शिंक आली तर ती दाबू नये, तोंड उघडे ठेवून मोकळी होऊ द्यावी. स्वयंपाकघरात मिरची-मोहरीची फोडणी पडत असताना दुसऱ्या खोलीत जावे, कारण त्या ठसक्याची शिंक सर्वांत जोराची असते. वाकून चपला बांधणे, पाया पडणे, भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलणे, तान्ह्या नातवंडाला कडेवर घेणे हे सगळे दोन आठवडे बंद. कुंथणेही याच यादीत येते, म्हणून बद्धकोष्ठता होऊ देऊ नये: मऊ खिचडी, भाज्या, भरपूर पाणी आणि डॉक्टरांची हरकत नसल्यास रात्री इसबगोल. पहिले दोन-तीन दिवस वाफाळता चहा, कडकडीत पाण्याची आंघोळ आणि वाफारा टाळावा. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात. आपल्या घरांत सर्दी म्हटली की वाफाऱ्याकडे हात आपोआप जातो आणि घरच्या वडीलधाऱ्यांना नकार द्यावा लागतो. नाकात तूप किंवा तेल सोडण्याच्या बाबतीतही तसेच. ताज्या जखमेवर ते घालू नये आणि स्निग्ध थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर तिथे वेगळाच त्रास होतो.

नाक धुणे बहुतेक डॉक्टर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसापासून सुरू करायला सांगतात. पहिल्या वेळी हात थरथरतो. पाणी आत जाईना, तर बळाने दाबू नये, थोडेथोडे सोडावे. दिवसातून दोन ते चार वेळा धुतल्यास चौथ्या-पाचव्या दिवशी तपकिरी, काळपट, रबरासारख्या खपल्या बाहेर येऊ लागतात. दिसायला भयंकर असले तरी ते जुने रक्त आणि शेंबूड असते, आणि जे आत राहील ते चिकटण करील, म्हणून ते बाहेर आलेले बरे.

रक्त वाहू लागले तर बसून पुढे झुकावे, तोंडात येणारे रक्त थुंकावे, कपाळावर व नाकावर थंड कापड ठेवावे. झोपू नये आणि मान मागे टाकू नये. दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही किंवा धार लागली, तर रुग्णालयात जावे. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटताना पुन्हा रक्त येऊ शकते, तेव्हा “आता बरे झाले” म्हणून आठव्या दिवशी गावी जाण्याचे तिकीट काढू नये.

पुढील गोष्टी घडल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, रात्र असली तरी, शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा: दृष्टी अंधूक होणे किंवा एकाचे दोन दिसणे, डोळा सुजून बाहेर येणे, मान आखडून तीव्र डोकेदुखी, १०१ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, आणि पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ, खारट थेंब-थेंब स्राव. हा शेवटचा स्राव नाक धुतलेल्या पाण्याशी गल्लत करण्याजोगा असतो. सायनसमध्ये अडकलेले पाणी तासाभरात थांबते. तो स्राव मात्र दुसऱ्या दिवशीही, धुण्याचा संबंध नसताना, येत राहतो.

दुसऱ्या आठवड्यापासून

साधारण आठवड्याने डॉक्टर दुर्बिणीतून खपल्या साफ करतात. ही सफाई शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची आहे आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणखी काही वेळा करावी लागते. “बरे वाटते आहे” म्हणून या भेटी चुकवणे ही रुग्णांची सर्वांत सर्रास चूक. चिकटण रुग्णाला जाणवत नाही, ती फक्त दुर्बिणीत दिसते. सफाईला जाण्यापूर्वी जेवण झालेले असावे, कारण उपाशीपोटी काहींना भोवळ येते.

बैठे काम असणारे एक-दोन आठवड्यांत कामावर परततात. धूळ, पिठाची गिरणी, कापसाचे जिनिंग, मळणी किंवा रसायने यांत काम असेल, तर अधिक काळ आणि परतल्यावर मास्क लागतो. दुचाकीवरून जाताना पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट धुळीलाही उपयोगी पडते. व्यायामशाळा दोन-तीन आठवड्यांनी, पोहणे महिना-दीड महिन्यानंतर, विमानप्रवास डॉक्टरांनी आतून पाहिल्यावर. तारीख निवडण्याची मुभा असेल, तर दिवाळीचे फटाके, रंगपंचमी आणि गुलालाची मिरवणूक शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यात येणार नाहीत असे पाहावे. कोकणातल्या घरात पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरते, विदर्भात उन्हाळ्याच्या कोरड्या झळांनी खपल्या वाळून रक्त येते. घरोघरीची मच्छर अगरबत्ती आणि धूप मात्र सगळीकडेच सारखे त्रास देतात.

डॉक्टरांनी परवानगी देताच स्प्रे पुन्हा सुरू होतो. काहींना बुडेसोनाइडचे नेब्युलायझरसाठीचे द्रावण नाक धुण्याच्या पाण्यात मिसळायला सांगतात. उघडलेल्या सायनसपर्यंत औषध नेण्याची ती चांगली पद्धत आहे, परंतु मात्रा स्वतः ठरवू नये. अस्तर पूर्ण भरून येण्यास साधारण तीन महिने लागतात आणि नाक आतून सुजलेले असल्याने तिसऱ्या आठवड्यात “पहिल्यापेक्षा वाईट” वाटण्याचे दिवसही येतात.

वास बहुतेकांना टप्प्याटप्प्याने, कधी अर्धवट परत येतो. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी वीसेक सेकंद, मन एकाग्र करून किमान तीन महिने हुंगण्याचा सराव करता येतो. त्याचे चांगले परिणाम मुख्यतः विषाणूंमुळे वास गेलेल्यांत दिसले आहेत, परंतु पॉलिपच्या रुग्णाला त्यात गमावण्यासारखे काही नाही. वास आलेला नसेल तोवर स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे, कारण सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम घातलेला उग्र दर्प आपल्यासाठी नसल्यात जमा असतो. शिळे अन्न हुंगून पाहण्याचे काम घरातील दुसऱ्याकडे सोपवावे.

पुन्हा वाढले तर

ते वाढण्याची शक्यता गृहीत धरावी. बेल्जियममधील एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर १२ वर्षांनी तपासलेल्या रुग्णांपैकी पाचांत जवळपास चौघांच्या नाकात दुर्बिणीतून पॉलिप पुन्हा दिसले; मात्र दुसरी शस्त्रक्रिया लागली ती एक-तृतीयांशाहून थोड्या अधिकांना. या दोन आकड्यांमधले अंतर माझ्या मते धीर देणारे आहे. पॉलिप दिसणे आणि त्याने त्रास देणे यांत फरक आहे, आणि लहान असतानाच तो पकडला तर स्प्रे व धुण्यावर तो बहुधा आटोक्यात राहतो. म्हणून पहिल्या वर्षानंतरही सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा दुर्बिणीची तपासणी करावी. वास पुन्हा मंदावू लागणे ही पहिली घंटा असते. नाक चोंदण्याची वाट पाहू नये.

शस्त्रक्रियेनंतरही आजार उसळत राहणाऱ्यांसाठी आता जैविक औषधांची इंजेक्शने आहेत. डुपिलुमॅबला अमेरिकेत या आजारासाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली, त्यानंतर ओमालिझुमॅब आणि मेपोलिझुमॅबलाही. ती अस्तरातील दाहाच्या विशिष्ट साखळीवर घाव घालतात आणि काहींचा वर्षानुवर्षे गेलेला वास परत आणतात. खर्च मोठा आहे, दर दोन किंवा चार आठवड्यांनी टोचून घ्यावी लागतात आणि थांबवल्यावर आजार परतू शकतो. दमा सोबत असणे, स्टेरॉइड गोळ्या वारंवार लागणे, रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे, वास पूर्ण जाणे आणि दैनंदिन जीवन विस्कळीत होणे यांतील किती गोष्टी लागू पडतात, हे पाहून तज्ज्ञ निर्णय घेतात. ॲस्पिरिनची संवेदनशीलता असलेल्यांना रुग्णालयात देखरेखीखाली हळूहळू ॲस्पिरिन देऊन शरीराला सवय लावण्याचाही एक मार्ग आहे. घरी तो प्रयोग कोणीही करू नये.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला माझी सहा वर्षे झाली. गेल्या तपासणीत डावीकडे १ गुणाचा एक छोटा पॉलिप दिसला. डॉक्टरांनी स्प्रेची मात्रा वाढवली आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. पाण्याची बाटली बेसिनवर दात घासण्याच्या ब्रशशेजारीच असते.